उद्या पण मॅच आहे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सिंकखालच्या पिशवीत पिशव्या साठत जातात तसे ते साठतात, आणि एक दिवस दार उघडलं की अंगावर येतात. आमच्या ऑफिसात ते जरा जास्तच साठले, कारण एकमेकांना सांगायला वेळच नव्हता. वेळ नव्हता, कारण मॅच होती. काल होती, आज आहे, उद्या पण आहे.

मी रॉटरडॅममध्ये काय करते असं कुणी विचारलं तर मी 'आयटीत आहे' म्हणून विषय संपवते. खरं सांगायला बसलं तर चहा गार होतो. पण आज बसलेच आहे, तर ऐका.

आमची कंपनी छोटी. फुटबॉल क्लबांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवते. स्कोअर बघा, तिकीट काढा, मध्यंतरात बसल्या जागी फ्राइज मागवा. इथला फुटबॉल म्हणजे आठवड्याला साधारण एक मॅच. शनिवार-रविवारी दोन तास डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि बाकी आठवडा माणसासारखं जगायचं. सुखाची नोकरी होती हो.

मग आमचा सेल्सवाला योस्ट अमेरिकेला गेला आणि येताना केक घेऊन ऑफिसात आला. डच माणूस स्वतःहून केक आणतो तेव्हा एक तर त्याचा वाढदिवस असतो, नाहीतर आपलं काहीतरी वाईट होणार असतं.

"बेसबॉल क्लब मिळाला!" योस्ट म्हणाला. "सीझनमधल्या प्रत्येक मॅचला आपला सपोर्ट. सही झाली."

मृणाल आमची टीम लीड. पुण्याची, त्यामुळे शंका काढल्याशिवाय तिला आनंद होत नाही. तिनं विचारलं, "सीझनमध्ये मॅचेस किती असतात?"

"नॉर्मल," योस्ट म्हणाला. "एका सीझनला असतात तेवढ्या."

योस्टच्या डोक्यात फुटबॉल होता. मृणालच्या डोक्यात आयपीएल होती. दोघांनी समाधानानं माना डोलावल्या आणि आम्ही केक खाल्ला.

वेळापत्रक आलं दुसऱ्या आठवड्यात. निनाद, आमच्यातला सगळ्यात तरुण, डोंबिवलीचा, तो माऊसचं चाक फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "एकशे बासष्ट."

"सगळ्या टीम्सचं मिळून असेल," शिरीष शांतपणे म्हणाला.

तसं नव्हतं. एका क्लबच्या एकशे बासष्ट. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, मधले मोजके दिवस सोडले तर रोज. आज इथे, उद्या इथे, परवा विमानात बसून दुसऱ्या गावी, आणि तिथेही लगेच मॅच. योस्ट आमच्या मागे उभा राहून स्क्रीनकडे बघत होता.

"पण मग ते लोक विश्रांती कधी घेतात?" त्यानं विचारलं.

निनाद म्हणाला, "ते जाऊ दे. आम्ही कधी घ्यायची ते सांग."

* * *

आता शिरीषबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळे किस्से फिरून त्याच्यापाशीच येतात.

शिरीष वाईचा. पंचेचाळिशीचा, एकटा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. अ‍ॅपमधला स्कोअरचा भाग त्यानंच लिहिलेला. बेसबॉलचा स्कोअर ही काय भानगड असते ते आमच्यापैकी त्यालाच नीट कळायचं. त्यामुळे ड्यूटीचा फोन कायम त्याच्या हातात. हा फोन म्हणजे आमच्या ऑफिसचा मारुती. अमेरिकेत काही बंद पडलं की तो वाजतो, आणि ज्याच्या हातात असेल त्यानं उठून धावायचं. क्लबची अट अशी की काम ऑफिसातूनच करायचं, घरून नाही. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. त्या वेळी मेट्रो नसते, म्हणून मी लायडस्खेनडाम-फोरबर्गहून निनादच्या खटारा गाडीतून यायचे. शिरीष सायकलवर. आम्ही पोचायचो तेव्हा तो आधीच खुर्चीत असायचा.

त्याचे वडील, अप्पा, शाळेत खेळाचे मास्तर होते. हुतुतू आणि खो-खो. निवृत्त होऊन युगं लोटली तरी आवाज मैदानावरचाच. वाईत उन्हं वर आली, चहा-पोहे झाले की ते फोन करायचे. तेव्हा इकडे मॅच संपत आलेली असायची. शिरीष फोन टेबलावर ठेवून हात मोकळे ठेवायचा, त्यामुळे अप्पा आमच्या सगळ्यांचेच झाले होते.

"काय रे, काल मॅच होती म्हणालास. आज परत?"

"हो अप्पा. रोज असते."

"तीच टीम?"

"तीच."

अप्पा म्हणाले, "शिरीष, आम्ही पोरांना सलग तीन दिवस खेळवलं तर हेडमास्तर बोलवून घ्यायचे. रोज खेळतात तो खेळ नव्हे बाबा, ती नोकरी झाली."

मृणालनं हे वाक्य कागदावर लिहून कॉफी मशीनवर चिकटवलं. तो कागद अजून तिथे आहे. योस्टला वाटतं ते गणपतीचं काहीतरी आहे, म्हणून तो कप ठेवताना जपून ठेवतो.

* * *

नेदरलँड्समध्ये पाऊस मागावा लागत नाही. इथे तो पाहुण्यासारखा येतो आणि भाडेकरूसारखा राहतो. पण आम्हाला पाऊस हवा होता अमेरिकेत, आणि आमचा क्लब नेमका अशा गावातला, की तिथे उन्हाळाभर ढग औषधाला सापडायचा नाही.

बेसबॉल पावसात खेळत नाहीत, हे निनादनं शोधून काढलं. तेव्हापासून त्याला एकच नाद. क्लब बाहेरगावी गेला की हा त्या गावाचं हवामान उघडून बसायचा. इतक्या आशेनं तर शेतकरीसुद्धा बघत नसेल. एकदा क्लब पूर्वेकडच्या कुठल्याशा गावी होता आणि ढग दिसत होते. निनाद घरी गणपतीला नवस बोलला. एकवीस मोदक, उकडीचे, स्वतः करणार. निनादला मॅगीसुद्धा जमत नाही, यावरून आमची अवस्था समजा.

आणि पडला ना पाऊस. धो धो पडला. मॅच रद्द! आम्ही ऑफिसात एकमेकांना पेढे दिल्यासारखी स्ट्रूपवाफल नावाची इथली पाकाची बिस्किटं वाटली आणि घरी जाऊन झोपलो. मी तर इतकी झोपले की नवऱ्यानं दोनदा येऊन बघितलं.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात एका तारखेला दोन ओळी दिसल्या. निनादला वाटलं सिस्टिमची चूक. त्यानं शिरीषला विचारलं.

"चूक नाही," शिरीष म्हणाला. "पावसानं गेलेली मॅच ते सोडत नाहीत. भरून काढतात. आज एकापाठोपाठ एक, दोन मॅचेस."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. निनाद त्या दिवशी दुसऱ्या मॅचच्या मध्यावर टेबलावर डोकं ठेवून म्हणाला, "मोदक पण द्यायचेत अजून."

* * *

जूनपर्यंत निनादचे डोळे पार आत गेले. मृणालनं त्याला हाउसआर्टकडे पिटाळलं. हाउसआर्ट म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, ज्याच्याकडे आपण मरायला टेकलो तरी तो आधी पॅरासिटामॉल घेतलं का विचारतो.

निनादनं सांगितलं, झोप नाही, पाठ दुखते, चिडचिड होते.

"कधीपासून?"

"सीझन सुरू झाल्यापासून. बेसबॉलचा. रोज मॅच असते."

डॉक्टरचे डोळे चमकले. तो स्वतः रविवारी त्याच्या गावच्या क्लबात बेसबॉल खेळायचा. इथे बरेच लोक खेळतात, नोकरी सांभाळून, हौसेनं. त्यानं निनादच्या पोटाकडे जरा साशंक नजरेनं पाहिलं, पण डच माणूस तोंडावर खरं बोलत असला तरी पेशंटच्या स्वप्नांना हात लावत नाही.

"रोज म्हणजे फारच," तो म्हणाला. "या वयात, या शरीरयष्टीला, आठवड्यातून एक मॅच आणि एक सराव. बास. तुमच्या कोचला सांगा."

निनादनं खुलासा केला नाही. त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आठवड्यातून एकच मॅच लिहून देत होतं. त्यानं तसं पत्र मागितलं. डॉक्टर म्हणाला, कोचसाठी पत्र देत नाही, पॅरासिटामॉल घे.

* * *

पुढचा शोधही निनादचाच. एका पहाटे तो खुर्चीतून ताडकन उठला. "अरे, हा बॉल टाकणारा रोज खेळत नाही! पाच दिवसांतून एकदा खेळतो!"

शिरीषला हे माहीतच होतं. "पिचर ना? त्याचा खांदा जाईल रोज टाकून. बॅटवाले जवळजवळ रोज खेळतात. पिचर एक दिवस टाकतो आणि चार दिवस बसतो. असे पाच पिचर आलटून पालटून."

"चार दिवस बसतो?" मी विचारलं.

"बाकावर बसतो. सूर्यफुलाच्या बिया खातो."

"आणि पगार?"

"सगळ्यात जास्त."

आम्ही सगळे ज्या कॉलेजांतून आलो तिथे करिअर गायडन्स नावाचा तास असायचा. तिथे हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मृणाल मात्र विचारात पडली. आम्ही पाच जण होतो. शिरीष, निनाद, मी, स्वतः मृणाल आणि तिकिटांचा भाग बघणारा पाटणकर. तिनं लगेच फळ्यावर चक्र काढलं. पहाटेची पाळी आणि फोन प्रत्येकाकडे पाच दिवसांतून एकदा, बाकीच्यांनी दिवसा यायचं. आम्ही त्याला पिचर पद्धत म्हणायला लागलो. पाटणकर तर टर्किश दुकानातून सूर्यफुलाच्या बिया घेऊन आला आणि आपली पाळी नसेल त्या पहाटे घरून व्हिडिओ कॉल करून आम्हाला त्या खाऊन दाखवायचा.

ही रामराज्याची स्थिती जेमतेम तीन आठवडे टिकली. मग पाटणकरला आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत नोकरी लागली.

निरोपाच्या वेळी मी त्याला विचारलं, "तिथे सीझन असतो का रे?"

"नाही," तो म्हणाला. "तिथे मशीनं बारा महिने चालतात."

"मग?"

"पण ती हरत नाहीत," पाटणकर म्हणाला आणि उरलेल्या बिया निनादला देऊन गेला.

पाचाचे चार झाले. मग मृणालला दुसऱ्या क्लायंटच्या मीटिंगा लागल्या, चाराचे तीन झाले. मला आणि निनादला स्कोअरचं अडलं की आम्ही शिरीषलाच उठवायचो, म्हणून शिरीष म्हणाला, "उठवता कशाला, मीच येतो." चक्र फळ्यावर राहिलं आणि फोन परत शिरीषच्या हातात गेला; आम्ही बाकीचे, मृणालसुद्धा, जमेल त्या पहाटे सोबतीला यायचो. तो म्हणाला म्हणून आम्ही ऐकलं. खरं तर ऐकायला नको होतं, पण झोप माणसाला स्वार्थी करते.

* * *

अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन राहिलं होतं.

माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की घरच्यांनी करायचा तो सोहळा. अप्पांचे हजार चंद्र केव्हाच होऊन गेले होते. बहीण सुनंदा वाईतच राहते, तिनं चैत्रातली तारीख काढली होती. पण चैत्रात सीझन नुकताच सुरू झालेला. शिरीष म्हणाला, वैशाखात करू. वैशाखातही रोज मॅच. मुलगा नसेल तर करायचं नाही, असं अप्पांनी ठणकावून सांगितलं होतं.

क्लबशी करार योस्टनं केलेला, म्हणून शिरीष त्याच्याकडे रजा मागायला गेला होता. कारण विचारल्यावर शिरीषनं प्रामाणिकपणे सांगितलं, "वडिलांनी हजार पौर्णिमेचे चंद्र पाहिले, त्याचा समारंभ आहे."

योस्टनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नेहमीचं करडं आभाळ. "आमच्याकडे त्यासाठी दोनशे वर्षं जगावं लागेल," तो म्हणाला. मग मनापासून म्हणाला, "जा तू. फक्त मॅच नसेल तेव्हा जा."

मॅच नसेल तेव्हा! जुलैच्या मध्यात त्या लोकांचे निवडक खेळाडू एक हौसेचा सामना खेळतात, आणि त्यापायी बाकी सगळ्यांना तीन-चार दिवसांची सुट्टी मिळते. सहा महिन्यांत मिळणारी काय ती एवढीच सलग सुट्टी. शिरीषनं तिकीटही बघून ठेवलं. सुनंदानं गुरुजींना विचारलं आणि पहाटे ऑफिसात फोन आला.

"दादा, ते दिवस आषाढात येतात. गुरुजी म्हणतात, आषाढात शुभकार्य नाही. आणि एकदा एकादशी झाली की देव झोपतात ते थेट कार्तिकातच उठतात."

मृणाल म्हणाली, "देव चार महिने झोपतात? सलग?"

"सलग," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे बॅकअप कोण असतं?" निनादनं अगदी मनापासून विचारलं.

तिकीट काढायचं राहिलं. त्या तीन-चार दिवसांत शिरीषनं झोप काढली म्हणाला. मला वाटतं तो नुसता पडून होता. कार्तिकात करू, तुळशीचं लग्न झालं की, असं त्यानं अप्पांना सांगितलं. तोवर सीझन संपलेला असेल. अप्पा 'बरं' म्हणाले. मला ते 'बरं' आवडलं नाही, पण मी कोण सांगणारी.

* * *

आमचा क्लब सहसा हरायचा. याचं सुरुवातीला आम्हाला वाईट वाटायचं. मग कळलं, की या खेळात चांगल्यातली चांगली टीमसुद्धा तीनातली एक मॅच हरते, आणि हरली तरी कुणी सुतक पाळत नाही. दुसऱ्या दिवशी परत टोप्या घालून हजर. रोज मरे त्याला कोण रडे. एका मोठ्या पराभवानंतर मी शिरीषला म्हटलं, "बिचारे, काय वाटत असेल त्यांना." तो कोडमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काही वाटायच्या आत उद्याची मॅच येते. म्हणून तर चालतं."

तेव्हा मी हसले होते. तो स्वतःबद्दल बोलत होता हे नंतर लक्षात आलं.

आणि त्या वर्षी, नेमकं त्याच वर्षी, क्लब जिंकायला लागला. ऑगस्टमध्ये जिंकला, सप्टेंबरमध्ये जिंकला. जिंकत राहिला तर बक्षीस म्हणून काय, तर सीझन संपल्यावर आणखी मॅचेस! योस्टनं पुन्हा केक आणला. कुणी खाल्ला नाही.

त्याच सुमारास मला एका दृश्याचं वेड लागलं. पिचर मैदानाच्या मधोमध एका मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. तो दमला की स्वतः कधीच सांगत नाही. हात लोंबायला लागतो, बॉल भलतीकडे जातो, पण गडी हलत नाही. मग टीमचा मॅनेजर, चांगला पोटसुटा म्हातारा माणूस, बाहेरून चालत चालत मैदानाच्या मध्यापर्यंत येतो. ओरडत नाही, समजावत नाही. नुसता तळहात पुढे करतो. पिचर त्यावर बॉल ठेवतो. म्हातारा त्याच्या पाठीवर एक थाप मारतो आणि तो खाली मान घालून निघून जातो. सगळं स्टेडियम बघत असतं.

"किती अपमान," निनाद म्हणाला.

"मला नाही वाटत," मृणाल म्हणाली. ती स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अप्पा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण धसका बसला आणि अंथरूण धरलं. खाणं कमी झालं. रोजचा फोन बंद झाला. शिरीष करायचा तेव्हा सुनंदा उचलायची आणि अप्पा झोपलेत म्हणायची. आम्ही त्याला म्हटलं, जा. तो म्हणाला, शेवटचा आठवडाच राहिलाय, एवढ्या मॅचेस झाल्या की लगेच निघतो. मी म्हटलं, आम्ही बघतो रे. तो म्हणाला, "तुम्हाला स्कोअरचं जमणार नाही." खरंच जमलं नसतं. त्यामुळे मी विषय सोडला.

मग एका पहाटे मॅच ऐन रंगात असताना त्याचा मोबाइल वाजला. सुनंदा होती. नेहमीसारखा फोन टेबलावर, स्पीकर चालू.

"दादा, एक विचारू? अप्पांना सांगू का मी, दिवाळीपर्यंत थांबा म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती. शिरीष म्हणाला, "सुनंदा, मॅच चालू आहे, करतो मी तुला." आणि फोन ठेवून परत टाइप करायला लागला. टाइप केलेलं तो खोडत होता, परत टाइप करत होता.

मृणाल आपल्या जागेवरून उठली. टेबलांच्या मधून सावकाश चालत आली, अगदी सावकाश, आणि त्याच्या खुर्चीपाशी उभी राहिली. नुसता तळहात पुढे केला.

शिरीषनं वर पाहिलं. "नवातली पाचवी इनिंग आहे," तो म्हणाला.

मृणालनं हात तसाच ठेवला.

मग शिरीषनं ड्यूटीचा फोन तिच्या हातावर ठेवला. तिनं त्याच्या पाठीवर एक थाप मारली. त्यानं जॅकेट उचललं, सायकलची किल्ली उचलली, आणि खाली मान घालून दाराबाहेर गेला. मृणाल त्याच्या खुर्चीत बसली आणि निनादला म्हणाली, "हं, बोल. कुठे काय अडलंय?"

सहावी इनिंग आमच्या अ‍ॅपवर दोनदा झाली. योस्टला सकाळी आल्यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण कुणी मेलं नाही. हे आम्हाला आधी का सुचलं नाही याची मला अजून लाज वाटते.

* * *

दोन दिवसांनी, मॅच चालू असताना, माझा फोन वाजला. वाईहून शिरीषचा व्हिडिओ कॉल. आमच्याकडे जेमतेम उजाडत होतं, तिकडे खोलीत लख्ख ऊन होतं. पलंगावर उशांना टेकून अप्पा बसले होते. मी पहिल्यांदाच बघत होते त्यांना. आवाजावरून मला ते अवाढव्य वाटायचे. पार वाळून गेले होते, पण कपाळावर ताजं कुंकू होतं आणि डोक्यावर पांढरी टोपी. गुरुजी म्हणाले होते, विधी कार्तिकातच, पण बापाला ओवाळायला आषाढ-भाद्रपद कुणी बघत नाही. मग सुनंदानं आणि शिरीषनं आदल्या संध्याकाळी ताटात दिवे लावून ओवाळलं होतं. अप्पांनी दोन घास श्रीखंड खाल्लं म्हणे.

"अप्पांना मॅच बघायची आहे," शिरीष म्हणाला. "मी म्हटलं नको, पण ऐकत नाहीत. तुझा फोन स्क्रीनसमोर धर ना."

मी फोन स्क्रीनसमोर धरला. निनाद आणि मृणाल माझ्या मागे येऊन उभे राहिले. अप्पा डोळे बारीक करून बघत होते. मास्तर ते, त्यांना खेळाडू लगेच कळत होते. "हा डावखुरा बरा आहे. पाय बघ त्याचे." मग म्हणाले, "रोज खेळतात ना रे हे?"

"हो अप्पा. रोज."

थोड्या वेळानं पिचरचे बॉल इकडेतिकडे जायला लागले. मग कॅमेरा फिरला. मॅनेजर बाहेरून चालत येत होता. मी फोन हलवणार होते, मृणालनं माझा हात धरून ठेवला. म्हातारा मध्यापर्यंत आला, त्यानं हात पुढे केला, पिचरनं बॉल दिला आणि चालायला लागला.

"त्याला का काढलं?" अप्पांनी विचारलं. "चांगला खेळत होता की."

शिरीष म्हणाला, "दमला होता."

पिचर कॅमेऱ्यातून बाहेर जाईपर्यंत अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच चादरीवरून हात सरकवला आणि शिरीषचं मनगट धरलं.

"मग त्याला घरी पाठवला का रे?"

"हो अप्पा," शिरीष म्हणाला.

"बरं केलं."